ट्रॉमा उपचारव्यवस्थांची आंतरराष्ट्रीय तुलना

जबर जखमी झालेल्या माणसाला घटनास्थळ, रुग्णवाहिका, शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता विभाग आणि पुनर्वसन अशा टप्प्यांवर मिळणाऱ्या उपचारांच्या साखळीला ट्रॉमा उपचारव्यवस्था म्हणतात. इजांमुळे जगात दरवर्षी सुमारे ४४ लाख माणसे मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. यांपैकी किती जण वाचू शकले असते, हा या तुलनेमागचा खरा प्रश्न.

या प्रश्नाला थेट भिडणारा अभ्यास १९७९ साली कॅलिफोर्नियातल्या दोन काउंटींबद्दल (म्हणजे जिल्ह्यांबद्दल) प्रसिद्ध झाला. सॅन फ्रान्सिस्कोत वाहन अपघातातले गंभीर जखमी एकाच सुसज्ज रुग्णालयात नेले जात. ऑरेंज काउंटीत जे रुग्णालय जवळ असेल तिथे. दोन्हीकडचे सुमारे ९०-९० मृत्यू तपासले गेले. मेंदूच्या इजांचे मृत्यू वगळले, तर ऑरेंज काउंटीतले जवळपास दोन तृतीयांश मृत्यू टळण्याजोगे ठरले. सॅन फ्रान्सिस्कोत असा मृत्यू एकच निघाला. प्लीहा फाटून पोटात रक्त साचत असलेल्या रुग्णाला जवळचा दरवाजा उपयोगाचा नसतो. सर्जन, भूलतज्ज्ञ आणि रक्त त्या क्षणी तयार असलेला दरवाजा लागतो.

हे तत्त्व देशोदेशी वेगवेगळ्या रीतीने राबवले गेले. अमेरिकेत ‘अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स’ या सर्जनांच्या संघटनेने १९७६ मध्ये रुग्णालयांसाठी निकष आखले आणि त्यातून ट्रॉमा सेंटरच्या क्षमतेनुसार पायऱ्या रूढ झाल्या. तिथे रुग्णवाहिकेत बहुधा पॅरामेडिक, म्हणजे तातडीच्या उपचारांचे प्रशिक्षण घेतलेले पण डॉक्टर नसलेले कर्मचारी, असतात आणि भर रुग्णाला लवकर हलवण्यावर असतो. जर्मनी आणि फ्रान्समध्ये डॉक्टरच घटनास्थळी जातो; म्युनिकमध्ये १९७० पासून त्यासाठी हेलिकॉप्टर आहे. इंग्लंडला जाग उशिरा आली: लंडनचे ट्रॉमा केंद्रांचे जाळे २०१० मध्ये उभे राहिले, बाकीच्या प्रदेशांचे २०१२ मध्ये. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने प्रौढांसाठी दोन आणि मुलांसाठी एक एवढीच मुख्य केंद्रे ठेवली आहेत. मोजक्याच ठिकाणी रुग्ण एकवटल्यामुळे तिथल्या चमूंचा हात सतत चालता राहतो, आणि हा या रचनेचा मोठा गुण आहे.

तुलना करायची तर आधी ‘गंभीर’ म्हणजे काय ते ठरवावे लागते. त्यासाठी १९७४ पासून इजा तीव्रता गुणांक वापरतात. प्रत्येक इजेला १ (किरकोळ) ते ६ (सर्वात तीव्र) अशी श्रेणी देतात आणि सर्वाधिक इजा झालेल्या तीन शरीरभागांच्या श्रेणींचे गणिती वर्ग (४ चा १६, ३ चा ९) काढून त्यांची बेरीज करतात. डोक्याची इजा ४, छातीची ३ आणि मांडीच्या हाडाचा मोड ३ असेल, तर १६ + ९ + ९ म्हणजे ३४. गुणांक १५ च्या वर गेला की इजा गंभीर, अशी रूढ सीमा आहे. मात्र श्रेणींची यादी २००५ मध्ये बदलली आणि पुष्कळ इजांची श्रेणी खाली आली. जुन्या यादीतला १५ नव्या यादीत साधारण १२ च्या आसपास येतो. कोणी कोणती यादी वापरली हे न पाहता दोन देशांचे आकडे शेजारी ठेवले, तर निष्कर्ष चुकतो.

त्याहून मोठी अडचण मोजणीतच आहे. रुग्णालयांच्या बहुतेक नोंदवह्यांत रस्त्यावरच दगावलेले येत नाहीत. रुग्णवाहिका सेवा सुधारली की पूर्वी वाटेत मरणारे जिवंत पोहोचतात, त्यांतले काही रुग्णालयात मरतात, आणि कागदावर त्या रुग्णालयाचा मृत्युदर वाढलेला दिसतो. म्हणून फक्त रुग्णालयातल्या मृत्युदरावरून देशांची क्रमवारी लावणे मला अन्यायाचे वाटते. १९९८ मध्ये घानातले कुमासी, मेक्सिकोतले मोंतेरे आणि अमेरिकेतले सिॲटल यांची तुलना झाली, तेव्हा वाटेतले मृत्यूही धरले होते. गंभीर जखमींपैकी अनुक्रमे ६३, ५५ आणि ३५ टक्के दगावले होते. हा फरक मुख्यतः रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच्या मृत्यूंचा होता.

मोजणीत एकवाक्यता यावी म्हणून युरोपातल्या तज्ज्ञांनी २००८ मध्ये ‘उटस्टाइन’ नावाचा नोंदींचा सामाईक नमुना प्रसिद्ध केला. कोणाला धरायचे, कोणत्या बाबी नोंदवायच्या आणि ३० दिवसांनी रुग्ण जिवंत आहे का, हे त्यात एकसारखे ठरवले आहे. जगलेल्यांचे पुढे काय झाले, याची नोंद मात्र फार थोड्या ठिकाणी ठेवतात. व्हिक्टोरियाची नोंदवही ती ठेवते: सहा महिन्यांनी, वर्षाने आणि दोन वर्षांनी रुग्णाला दूरध्वनी करून दुखणे किती उरले आणि तो कामावर परतला का, हे विचारले जाते.