आजी, मावशी की मामा: रक्त कुणाचं घ्यायचं?

अर्जेंटिनात 24 मार्च 1976 ला लष्करानं सत्ता बळकावली. विरोधक म्हणून उचललेल्यांत गरोदर बायकाही होत्या. त्यांची बाळंतपणं गुप्त कोठड्यांत झाली, बाळं लष्करातल्या किंवा त्यांच्या ओळखीतल्या घरांत दिली गेली आणि आयांना बहुधा मारून टाकलं गेलं. अशी सुमारे 500 मुलं असावीत, असा त्यांना शोधणाऱ्या त्यांच्या आज्यांच्या संघटनेचा अंदाज. ही संघटना 1977 ची. तिची अडचण विचित्र होती: पितृत्वाच्या चाचणीला आई-बाप लागतात, आणि इथं तेच बेपत्ता.

1984 मध्ये अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी हिशेब एक पिढी मागे नेला. पेशींवरच्या एचएलए खुणांचे प्रत्येकाकडे दोन संच असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. म्हणजे चार आजी-आजोबांचे मिळून आठ. नातवाचा एक संच आजोळच्या चारांत आणि दुसरा वडिलांकडच्या चारांत सापडायला हवा. संच सर्रास आढळणारा असेल, तर जुळणीला वजन राहत नाही. आजोबा वारले असतील, तर काका-आत्यांच्या रक्तावरून त्यांचे संच ताडावे लागतात.

पुढं माइटोकॉन्ड्रियातला (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांतला) डीएनए हाताशी आला. जेमतेम 16,569 अक्षरांचा, आणि फक्त आईकडून येणारा. नमुना कुणाचा चालेल हे मराठीत चटकन सांगता येतं (इंग्रजीत आंट म्हटलं की घोटाळाच): आईची आई चालते, मावशी चालते, मामाही चालतो. मावसभाऊ चालतो, मामेभाऊ नाही. मामाकडे हा डीएनए असतो, पण तो मुलांना देत नाही. आत्या बाद. मुलगा असेल, तर वडिलांची बाजू काकाच्या वाय गुणसूत्रावरून तपासता येते. मात्र माइटोकॉन्ड्रिया जुळला म्हणजे वंश आईकडून एक, एवढंच. बाळ या बहिणीचं की त्या, हे तो सांगत नाही. त्यासाठी बाकीच्या गुणसूत्रांकडे वळावं लागतं.

आज्या थकत चालल्या होत्या, म्हणून 1987 मध्ये कायद्यानं राष्ट्रीय जनुक पेढी काढून त्यांचं रक्त जपलं गेलं. आजवर 130 हून अधिक नातवंडं सापडली, काही चाळिशी ओलांडल्यावर.

काहींनी रक्त द्यायला नकार दिला. चाचणी जुळली, तर ज्यांना आई-बाबा म्हटलं तेच तुरुंगात जाणार होते. मग कोर्टाच्या हुकमानं टूथब्रश, कंगवा, कपडे जप्त होऊ लागले. 2009 मध्ये त्याचा कायदाच झाला. इथंही फसगत होते: कंगवा घरात सगळ्यांचा असतो, आणि मुळाशिवाय गळलेल्या केसातून बहुधा माइटोकॉन्ड्रियाचाच डीएनए हाती लागतो, म्हणजे पुन्हा फक्त आजोळची बाजू.