डेटा फुटला हे लोकांना कळू लागलं ते कधीपासून?

5 एप्रिल 2002 रोजी कॅलिफोर्निया सरकारच्या डेटा सेंटरमध्ये हॅकर घुसले. सुमारे 2 लाख 65 हजार सरकारी कर्मचाऱ्यांची नावं, सोशल सिक्युरिटी क्रमांक (अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक) आणि पगाराचे तपशील तिथे होते. घुसखोरी लक्षात आली 7 मे रोजी, आणि कर्मचाऱ्यांच्या कानावर गेली मेच्या अखेरीस. त्या यादीत खुद्द गव्हर्नर ग्रे डेव्हिसही होते. त्याच सप्टेंबरात त्यांनी एका कायद्यावर सही केली. ज्याची माहिती फुटली त्याला कळवायचंच, ही सक्ती 1 जुलै 2003 पासून लागू झाली.

खरा परिणाम दिसला 2005 मध्ये. चॉइसपॉइंट ही लोकांची माहिती जमवून विकणारी कंपनी. भामट्यांनी खोट्या फर्म काढल्या, रीतसर ग्राहक झाले आणि माहिती चक्क विकत घेतली. कंपनीने सुरुवातीला पत्रं धाडली ती फक्त कॅलिफोर्नियातल्या सुमारे 35 हजार लोकांना, कारण कायदा तेवढ्याच राज्यापुरता होता. मग इतर राज्यांनी जाब विचारला: आमच्या लोकांचं काय? अखेर आकडा 1 लाख 63 हजारांवर गेला. कायदा नसता तर यातलं एकही पत्र निघालं नसतं, असं मला ठामपणे वाटतं.

त्याच वर्षी सॅन डिएगोच्या प्रायव्हसी राइट्स क्लिअरिंगहाउस या संस्थेने गळतींची तारीखवार यादी ठेवायला घेतली. पुढे अमेरिकेच्या आरोग्य खात्यालाही 500 किंवा जास्त रुग्णांना फटका बसलेली प्रत्येक गळती जाहीर करणं बंधनकारक झालं.

2013 मध्ये ॲडोबी या सॉफ्टवेअर कंपनीची सुमारे 15 कोटी खाती फुटल्याचं उघड झालं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाचे सायबर सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी ‘हॅव आय बीन पोन्ड’ हे संकेतस्थळ सुरू केलं. ईमेल टाका, कुठे फुटला ते दिसतं. तिथली पासवर्ड तपासण्याची सोय मला विशेष आवडते: पासवर्डचा हॅश (त्यापासून गणिताने काढलेला, उलट न फिरवता येणारा सांकेतिक मजकूर) तुमच्याच संगणकावर तयार होतो, त्याची पहिली पाच अक्षरंच सर्व्हरकडे जातात, जुळणाऱ्या हॅशची यादी परत येते आणि अंतिम पडताळणी तुमच्याकडेच होते.

आपल्याकडे 2021 मध्ये एअर इंडियाच्या जगभरातल्या 45 लाख प्रवाशांची माहिती फुटली. 2022 पासून अशी घटना सहा तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवावी लागते, पण ती माहिती सरकारकडे जाते, लोकांकडे नाही. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने बाधित व्यक्तीला कळवण्याची सक्ती आणली, कसूर झाल्यास 200 कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला. नोव्हेंबर 2025 मध्ये नियम आले, मात्र या तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत मिळाली. सर्वांना पाहता येईल अशी यादी ठेवण्याचं बंधन त्यात नाही. ते हवंच होतं, कारण एकच कंपनी पुन्हा पुन्हा चुकते आहे हे सुट्या पत्रांतून कुणालाच दिसणार नाही.