दुखत नाही, म्हणून काय झालं?

"गाठ आहे गं, पण दुखत नाही. दुखायला लागली की दाखवू." आई, मावशी, शेजारच्या काकू, सगळ्यांच्या तोंडचं हे वाक्य. आणि नेमकं उलटं! स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. पाळीच्या आधी दोन्ही बाजूंना ठणका लागतो, तो बहुतेकदा हार्मोन्समुळे. म्हणजे दुखणारी धावत दवाखाना गाठते आणि न दुखणारी पदराआड गाठ झाकून बसते.

हाताला हरभऱ्याएवढं काही घट्ट लागलं, त्वचा संत्र्याच्या सालीसारखी दिसली, स्तनाग्र नव्याने आत ओढलं गेलं किंवा त्यातून रक्त आलं, तर थांबू नका. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, हे खरं. पण ते घरी चाचपून ठरत नाही. सोनोग्राफी, मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे), गरज पडली तर सुईची तपासणी लागते. (सुई लावल्याने कॅन्सर पसरतो, हा गैरसमज म्हणजे "दुखत नाही, म्हणजे काही नाही" या समजाची धाकटी बहीण.) "आमच्या घराण्यात कुणाला नव्हता" यालाही अर्थ नाही. बहुतेक रुग्णांच्या घरात आधी कुणालाच नसतो.

टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या जणींना प्रशिक्षित सेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हातांनी तपासत. पन्नाशीपुढच्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. त्या सेविकांनी "दुखतंय का?" एवढंच विचारलं असतं, तर?