वाड्यांचे जतन, नाशिक

नाशिकच्या जुन्या गावठाणातील व पंचवटीतील पेशवेकालीन आणि त्यानंतरच्या राहत्या घरांची डागडुजी, तसेच सणाउत्सवांत व वारसा फेऱ्यांत ही घरे लोकांसाठी उघडण्याचा प्रघात, यांचा विचार येथे एकत्र केला आहे. ‘वाडा’ हा शब्द संस्कृत ‘वाट, वाटक’ (कुंपण घातलेली जागा) यावरून आला, हे मत बहुतेकांना मान्य आहे.

‘नाशिक नव टेकांवर (नऊ टेकड्यांवर) वसविले’ ही म्हण जुनी आहे. गावाचे नाव ‘नवशिख’ (नऊ शिखरे) यावरून पडले की शूर्पणखेच्या नासिकेवरून, हा वाद जुनाच. दुसरी व्युत्पत्ती अधिक रूढ आहे. डागडुजीच्या दृष्टीने मात्र टेकांचेच महत्त्व मोठे. गोदाकाठच्या मातीच्या गढीवर पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया व शां. भा. देव यांनी १९५०–५१ मध्ये उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाणयुगापासूनचे थर सापडले. जुन्या वस्तीच्या राखमातीची अशी भर घट्ट नसते. गटार किंवा नळ फुटून पाणी मुरले की जोते एका बाजूला खचते आणि दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग वर चढते. भेग बुजवण्याआधी गळती शोधावी लागते.

वाड्यांचा काळ ठरवणे कठीण आहे. बहुसंख्य जुने वाडे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातले मानतात, पण बांधकामाचा लेख क्वचितच मिळतो. सुरूदार (सुरूच्या झाडासारखा निमुळता) खांब दिसला की वाडा पेशवाईतला, असे समजण्याचा कल आहे. परंतु ही घडण एकोणिसाव्या शतकातही चालू राहिली, आणि सागवान महाग असल्याने पडक्या घराचे खांब, तुळया नव्या घरात बसवत. म्हणून खांबाच्या नक्षीपेक्षा जोत्याची घडाई आणि भिंतीतील विटांचे माप यांवर विसंबणे अधिक सयुक्तिक वाटते. सराफ बाजारातील सरकारवाडा हा सर्वांत ठळक नमुना असून तो राज्य संरक्षित स्मारक आहे.

वाडा पडतो तो बहुधा पाण्यामुळे. काळ्या दगडाचे जोते, वर विटा-मातीची भिंत, आत सागवानी खांब, तुळया व कडीपाट (कड्यांवर फळ्या टाकलेले छत), असा हा सांगाडा ओल घेतो आणि सोडतोही. भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की ओल बाहेर पडू शकत नाही. ती भिंतीतूनच वर चढते, लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागतो, विटांचे पापुद्रे सुटतात आणि भिंतीत रुतलेली तुळईची टोके कुजतात. वरून गिलावा गुळगुळीत दिसत असल्याने कूज उशिरा कळते. टोकाजवळ ठोकून बद्द आवाज येतो का, आरी सहज आत शिरते का, हे म्हणूनच दर उन्हाळ्यात पाहावे. टोक गेले असल्यास आधी दोन्ही बाजूंना टेकू द्यावेत, मग कुजका भाग कापून मुरलेल्या सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडावा. नव्या टोकाभोवती बोटभर फट वाऱ्यासाठी ठेवावी. ती मसाल्याने भरली की तीच कूज पुन्हा सुरू होते.

गिलाव्याचा चुना किमान पंधरा दिवस पाण्याखाली मुरवतात. एका भागास दोन ते तीन भाग वाळू किंवा विटांची भुकटी घेऊन मिश्रण घाणीत मळतात. गूळ, हिरडा, बेलफळ यांचे पाणी घालण्याची रीत आहे. एक थर १०–१२ मिलिमीटरपेक्षा जाड नको. वर ओले गोणपाट आठवडाभर तरी हवे, नाहीतर मे महिन्याच्या उन्हात चुना पकडण्याआधीच वाळून पूड होतो. छपराची शाकारणी व पन्हळींची सफाई मृगाआधी उरकलेली बरी. लाकडाला ऑइलपेंट नको, बेलतेल (उकळलेले जवसाचे तेल) पुरते.

उत्सवांत सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण रंगपंचमीची रहाड. जुन्या नाशकातील काही चौकांत जमिनीखाली बांधीव हौद आहेत. एरवी ते लाकडी ओंडके व मातीने झाकलेले असतात. वर्षातून एकदा उघडून साफ करतात, पूजा करून उकळलेला रंग ओततात आणि लोक त्यात ‘धप्पा’ (उडी) मारतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. ही प्रथा पेशवेकालीन असल्याचे परंपरा सांगते. कामदा एकादशीचा रामरथ व गरुडरथ जुन्या गल्ल्यांतून फिरतो, तेव्हा वाड्यांचे सज्जे पुन्हा माणसांनी भरतात. १८ एप्रिलचा जागतिक वारसा दिन आणि १९–२५ नोव्हेंबरचा सप्ताह हे वारसा फेऱ्यांचे दिवस. फेरीत पंधरा-वीसच माणसे असावीत. माडीवर एका वेळी पाच-सहा जणांना सोडावे, तेही भिंतीकडेने. कडीपाटाच्या मध्यावर घोळका झाला तर जुनी तुळई लवते.

महापालिका पावसाळ्यापूर्वी १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम २६४ खाली धोकादायक घरांना नोटिसा देते. वाटण्या व भाडेकरूंचे तंटे यांत अडकलेले वाडे बहुधा याच टप्प्यावर उतरवले जातात. वाडा उतरवावाच लागला तर प्रत्येक खांब, तुळई, हस्त (तुळईखालचा लाकडी आधार) यांना आधी क्रमांक देऊन आराखड्यात नोंदवावे. क्रमांक सांध्याच्या लपणाऱ्या बाजूवर घालावा. दर्शनी बाजूवर घातला तर रंग खरवडताना नक्षी झिजते.