वाहत्या कानाआड लपणारा कर्करोग: पार्श्वभूमी

व्हिएन्नाचे कर्णतज्ज्ञ आदाम पोलित्झर यांनी १८८३ मध्ये मध्यकर्णाच्या (पडद्यामागच्या पोकळीच्या) कर्करोगाचे वर्णन केले. डॉक्टरांना तेव्हा चकवणारी गोष्ट आजही तीच आहे: वर्षानुवर्षे वाहणारा कान. पू, पडद्याला भोक, आत वाढलेले लालसर मांस, हे सगळे जुनाट कानफुटीत दिसते आणि कर्करोगातही. टेम्पोरल हाडाचा (कवटीच्या ज्या हाडात कान असतो त्याचा) कर्करोग वर्षाला दहा लाखांत एक ते सहा जणांना होतो आणि त्यातही बहुतेक गाठी कर्णनलिकेत, म्हणजे बाहेरून पडद्यापर्यंत जाणाऱ्या नळीत, सुरू होतात. त्यामुळे शंका यायलाच वेळ लागतो. दीर्घकाळची सूज हेच या कर्करोगाचे एक कारण मानले जाते, म्हणून जुनाट कान वाहणाऱ्या रुग्णात तर अधिकच सावध राहायला हवे.

दुसरे कारण घड्याळांच्या कारखान्यात सापडले. १९१७ पासून न्यू जर्सीतल्या ऑरेंज येथे तबकड्यांवर रेडियमचा रंग देणाऱ्या मुली ब्रशला ओठांनी टोक काढत. पोटात गेलेले रेडियम-२२६ हाडांत बसले. त्यातून सुटणारा किरणोत्सर्गी रेडॉन वायू मस्टॉइड (कानामागचे पोकळ्यांचे हाड) आणि सायनसच्या पोकळ्यांत कोंडला गेला आणि तबकड्या रंगवणाऱ्यांपैकी काहींना अनेक वर्षांनी नेमका याच पोकळ्यांच्या अस्तराचा कर्करोग झाला.

उपचार म्हणून आधी मस्टॉइड कोरून गाठ तुकड्यातुकड्याने काढत आणि वर रेडिएशन देत. मागे काय राहिले, हे कळायला मार्ग नसे. १९५१ मध्ये कॅम्पबेल, व्होल्क व बर्कलंड यांनी आख्खे टेम्पोरल हाड काढल्याचे प्रसिद्ध केले. १९५४ मध्ये पार्सन्स व लुईस यांनी हाडाचा बराचसा भाग एकसंध काढण्याची शस्त्रक्रिया मांडली. किंमत मोठी होती. आतला कान आणि चेहरा हलवणारी नस दोन्ही जात, आणि आतल्या बाजूचा छेद मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमनीच्या अगदी लगत असे.

पुढे मायक्रोस्कोप आणि ड्रिलमुळे मर्यादित शस्त्रक्रिया शक्य झाली: कर्णनलिका, पडदा, हातोडी आणि ऐरण (मध्यकर्णातली दोन छोटी हाडे) एकत्र बाहेर, चेहऱ्याची नस जागेवर. मात्र ही नलिकेपुरत्या गाठीसाठी. गाठ मध्यकर्णात शिरली की एवढ्याने भागत नाही. नेमके कुठपर्यंत पोचली, हे सीटी स्कॅन आल्यावर शस्त्रक्रियेआधीच समजू लागले. हाड किती खाल्ले गेले हे एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ छेदांत दिसते. मेंदूचे आवरण आणि नसांसाठी एमआरआय लागतो. त्या आधारावर १९९० मध्ये गाठ किती पसरली हे सांगणारे पिट्सबर्गचे टप्पे ठरले, टी-१ ते सगळ्यात पुढचा टी-४. मध्यकर्ण बाधित असेल तर किमान टी-३. २००० मधल्या सुधारणेने चेहऱ्याचा लकवा टी-४ मध्ये गेला. अशा पुढच्या टप्प्यांत शस्त्रक्रियेनंतर साधारण ६० ते ६६ ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक) रेडिएशन देतात. जपानमधील काही केंद्रांनी रेडिएशनसोबत डोसेटॅक्सेल, सिस्प्लॅटिन आणि फ्लुरोयुरॅसिल ही केमोथेरपीची तीन औषधेही वापरली.

मुलांमधला प्रकार वेगळा. तिथे बहुधा रॅब्डोमायोसार्कोमा, म्हणजे स्नायूसारख्या पेशींचा कर्करोग, असतो. १९७२ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या सामूहिक अभ्यासांतून व्हिन्क्रिस्टिन, ॲक्टिनोमायसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड यांची केमोथेरपी आणि रेडिएशन हा पाया ठरला. हाड कापण्याची गरज त्यामुळे खूप घटली.

इतके बदलूनही निदान आजही बहुधा बायोप्सीपाशीच (तुकडा काढून तपासण्यापाशीच) अडते. पॉलिपचा, म्हणजे कानात वाढलेल्या मांसाचा, वरवरचा चिमटा घेतला तर अहवालात नुसती सूज येते. म्हणून तुकडा खोलवरून घ्यावा आणि शंका कायम असेल तर पुन्हा घ्यावा. पडद्याआड धडधडणारी लाल गाठ दिसली तर मात्र आधी स्कॅन करावा. ती रक्तवाहिन्यांनी भरलेली ग्लोमस गाठ असू शकते आणि ओपीडीत चिमटा लावला तर रक्त आवरत नाही. औषधे, ड्रॉप्स आणि सफाई करूनही मांस हटत नसेल, रात्री झोपू न देणारी कळ असेल, स्रावात रक्त येत असेल किंवा चेहरा वाकडा होत असेल, तर ड्रॉप्स बदलत बसू नये. मुलाच्या कानातून काढलेला पॉलिप तर कितीही साधा दिसो, फेकू नये. फॉर्मॅलिनमध्ये घालून पॅथॉलॉजीला पाठवावा.