प्रोग्रेसिव्ह मेटल : नवशिक्या बेसवादकासाठी गीतनिवड

प्रोग्रेसिव्ह मेटल, म्हणजे हेवी मेटलचा जड ध्वनी आणि प्रोग्रेसिव्ह रॉकची गुंतागुंतीची रचना यांचा मेळ घालणाऱ्या संगीतप्रकारातील कोणती गाणी बेस गिटार शिकू लागलेल्या वादकाने आधी बसवावीत, याविषयीचा विचार. ज्याला तारा जुळवता येतात, दोन बोटांनी आलटून-पालटून तार छेडता येते आणि टॅब्लेचर (तार व बोटाची जागा आकड्यांनी दाखवणारी लिपी) वाचता येते, असा वादक येथे नवशिका मानला आहे. या प्रकारातील गाणी लांब असतात, आवर्तनाची लांबी मध्येच बदलते आणि बेस हा मुख्य गिटारच्या मागे न राहता पुष्कळदा स्वतंत्र चाल धरतो. त्यामुळे केवळ लय संथ आहे म्हणून गाणे सोपे ठरत नाही.

उगम व व्याप्ती : या प्रकाराचा आरंभ नेमका कोठून धरावा याबाबत एकमत नाही. एका मताप्रमाणे तो १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मागे नेता येतो. किंग क्रिम्झन या इंग्लिश वृंदाचा ‘रेड’ (१९७४) आणि रश या कॅनेडियन वृंदाचा ‘२११२’ (१९७६) हे अल्बम त्यासाठी पुढे केले जातात. दुसऱ्या मताप्रमाणे हे सर्व प्रोग्रेसिव्ह रॉकच होय. मेटलची स्वतंत्र शाखा साधारणपणे १९८० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत वॉचटॉवर, फेट्स वॉर्निंग व क्वीन्सराइक या वृंदांच्या वादनातून आकारास आली. बॉस्टनच्या बर्कली कॉलेज ऑफ म्युझिकमधील तीन विद्यार्थ्यांनी १९८५ मध्ये सुरू केलेला वृंद पुढे ड्रीम थिएटर या नावाने प्रसिद्ध झाला आणि त्याच्या ‘इमेजेस अँड वर्ड्‌स’ (१९९२) या अल्बमने या शाखेला मोठा श्रोतृवर्ग मिळवून दिला. शैलीच्या इतिहासापुरते दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. शिकणाऱ्याच्या दृष्टीने मात्र पहिल्या मताची व्यापक सीमा अधिक उपयोगी पडते. रशच्या ध्वनिमुद्रणांत एकच गिटार असल्याने गेडी ली यांचा बेस स्पष्ट ऐकू येतो. १९९० नंतरच्या दाट ध्वनीत खालचे स्वर कानाने वेगळे काढणेच नवशिक्याला अवघड जाते, आणि जे ऐकू येत नाही ते बसवता येत नाही.

रशच्या ‘मूव्हिंग पिक्चर्स’ (१९८१) या अल्बममधील ‘वायवायझेड’ ही वाद्यरचना याचे चांगले उदाहरण आहे. टोरांटो विमानतळाच्या संकेताक्षरांचा मोर्स संकेत हाच तिच्या प्रारंभीचा ठेका आहे. वाय म्हणजे लांब-आखूड-लांब-लांब. झेड म्हणजे लांब-लांब-आखूड-आखूड. लांबाला २ व आखूडाला १ असे माप दिले, तर दोन वायचे ७ व ७ आणि झेडचे ६ मिळून २० षोडशांश (पूर्ण स्वराच्या सोळाव्या भागाइतक्या काळाचे एकक) होतात, म्हणजेच पाच चतुर्थांशांचे एक आवर्तन. पुढची रचना वेगवान असून नवशिक्याच्या आवाक्याबाहेरची आहे. प्रारंभीचा ठेका मात्र आधी टाळीने आणि मग एकाच मोकळ्या तारेवर वाजवला, तर विषम आवर्तनाची भीती बरीचशी जाते.

मोजणीचा प्रश्न : टूल या वृंदाचे ‘स्किझम’ (२००१) हे गाणे बेसवादकांना फार प्रिय आहे, कारण त्याचा मुख्य नमुना जस्टिन चॅन्सेलर यांच्या बेसवरच उभा आहे. हा नमुना ५/८ व ७/८ (म्हणजे पाच व सात अष्टमांशांच्या) या आवर्तनांच्या आलटून-पालटून येण्याने बनतो. दोहोंची बेरीज १२ होत असल्याने तो १२ अष्टमांशांच्या एका आवर्तनात लिहिणेही शक्य आहे. कागदावर ते सुटसुटीत दिसते. पण १२/८ म्हटले की पाय आपोआप तीन-तीनच्या गटांवर पडू लागतो आणि बोटे व पाय यांची फारकत होते. म्हणून शिकताना ५ आणि ७ असे वेगळे मोजणेच श्रेयस्कर. रूपक ताल अंगवळणी पडलेल्या कानाला सातची मोजणी नवी नाही, परंतु रूपक अखंड सातच राहतो. येथे दर वेळी सम निराळ्या अंतरावर येते. डाव्या हाताला हॅमर-ऑन (बोट तारेवर आपटून स्वर काढणे) व पुल-ऑफ (बोट ओढून सोडत स्वर काढणे) स्वच्छ येत नसतील, तर त्याच वृंदाचे ‘सोबर’ (१९९३) आधी घ्यावे. त्याचा बेसचा नमुना पुन्हापुन्हा येतो आणि मोजणी मुख्यतः चारची आहे.

मेशुगा या स्वीडिश वृंदाची गोष्ट वेगळी. तेथे झांजेवर बहुधा चारचीच मोजणी चालू असते आणि तीवर गिटार व बेस विषम लांबीचा नमुना फिरवतात. पाचचा नमुना चारच्या मोजणीवर फिरवला, तर दोन्ही २० मात्रांनंतर एकत्र येतात. हे आवर्तन बदलणे नव्हे, एकावर एक चढवणे आहे. हा भेद न कळता घोकलेले गाणे पहिल्याच चुकीला कोसळते. ड्रीम थिएटरच्या ‘द डान्स ऑफ इटर्निटी’ (१९९९) मध्ये सुमारे सहा मिनिटांत शंभराहून अधिक वेळा आवर्तन बदलते. उमेद वाढवायला ते ऐकावे. पहिल्या वर्षी बसवायला घेऊ नये.

तारा व जुळवणी : ड्रॉप डी जुळवणीत सर्वांत जाड ई तार एक पूर्ण स्वर उतरवतात. टूलच्या वरील दोन्ही गाण्यांना ती लागते. तीसाठी चार तारांचा नेहमीचा बेस पुरतो. त्याहून बरेच खाली गेल्यास तार सैल पडून फ्रेटवर (वाद्याच्या मानेवरील धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) खडखडते. तेव्हा जाड तारा किंवा पाच तारांचा बेस घ्यावा लागतो. पाच तारांच्या बेसची खालची बी तार सुमारे ३०.९ हर्ट्‌झची, म्हणजे सात तारांच्या गिटारच्या बी तारेच्या बरोबर एक सप्तक खाली असते. पाचवी तार आली की न वाजणाऱ्या तारा दाबून ठेवण्याचे कामही वाढते. एरवी या बाबीकडे दुर्लक्ष होते, पण अस्वच्छ वादनाचे मुख्य कारण पुष्कळदा हेच असते.

ओपेथ या स्वीडिश वृंदाचा ‘डॅमनेशन’ (२००३) हा सौम्य ध्वनीचा अल्बम या टप्प्यावर विशेष उपयोगी आहे. त्यातील मार्टिन मेंडेस यांच्या बेसमध्ये स्वर किती वेळ धरून ठेवायचा आणि नेमका कधी सोडायचा, याचे शिक्षण मिळते. सिनिक या वृंदाच्या ‘फोकस’ (१९९३) मधील शॉन मलोन आणि डेथ या वृंदाच्या ‘इंडिव्हिज्युअल थॉट पॅटर्न्स’ (१९९३) मधील स्टीव्ह डिजॉर्जिओ यांचे वादन फ्रेट नसलेल्या बेसवरचे आहे. त्यातील घसीट फ्रेट असलेल्या वाद्यावर तशी उतरत नाही, त्यामुळे ती ध्वनिमुद्रणे सुरुवातीला ऐकण्यापुरतीच ठेवावीत.