डबल पॅराडिडल की पॅराडिडल-डिडल?

ड्रमवर दोन हातांनी वाजवायचे हे दोन साचे. नावं एकमेकांत अडकणारी, ठोके दोन्हींत सहाच. त्यातून सरावाच्या पॅडवर पहिल्या ठोक्याला जोर देऊन एकसारखी वाजवली, तर कानालाही फरक कळत नाही. पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटीच्या 40 रुडिमेंट्सच्या (ड्रमवादनाच्या मूलभूत साच्यांच्या) यादीत मात्र डबल पॅराडिडल 17व्या क्रमांकावर आहे आणि सिंगल पॅराडिडल-डिडल 19व्या. उजव्या हाताला 'उ' आणि डाव्याला 'डा' म्हणू:

डबल पॅराडिडल: उ डा उ डा उ उ | डा उ डा उ डा डा
पॅराडिडल-डिडल: उ डा उ उ डा डा | उ डा उ उ डा डा

रेघेनंतरचा पहिला ठोका बघा. वर तो डाव्याकडे गेला, खाली उजव्याकडेच राहिला. ड्रमसेटवर बसलात की सगळं इथूनच ठरतं.

डबल पॅराडिडल ग्रूव्हसाठी, म्हणजे गाण्याखाली सतत चालणाऱ्या ठेक्यासाठी, छान. एका बीटला सहा ठोके धरा. उजवा हात हाय-हॅटवर (झांजांच्या जोडीवर), डावा स्नेअरवर (समोरच्या कडक आवाजाच्या ड्रमवर). पहिल्या बीटला हाय-हॅट आणि पायाने बेस ड्रम, दुसऱ्या बीटला डावा नेमका स्नेअरवर. बॅकबीट, म्हणजे दुसऱ्या-चौथ्या बीटवरचा स्नेअरचा जोर, आयताच मिळाला! डाव्याचे बाकीचे ठोके मात्र अगदी हलके हवेत, नाहीतर नुसता खडखडाट.

पॅराडिडल-डिडल फिलमध्ये, म्हणजे ठेक्यात मध्येच भरलेल्या छोट्या तुकड्यात, चमकतं. सहापैकी चार ठोके जोडीचे असल्याने काडीची उसळी कामी येते, आणि वेगात हात दमत नाहीत. शिवाय दर सहा ठोक्यांनी उजवाच येणार, म्हणजे त्याला फ्लोअर टॉमवर (जमिनीवर उभ्या मोठ्या ड्रमवर) किंवा क्रॅश झांजेवर खुशाल पाठवा. जॅझमधल्या जलद ट्रिपलेट (तीन-तीन ठोक्यांच्या) फिल्समध्ये म्हणूनच ते इतकं सापडतं.

खरी गंमत चार बीटच्या बारमध्ये (आवर्तनात). इथे एका बीटला चारच ठोके धरा. सोळा ठोक्यांत दोन पॅराडिडल-डिडल वाजवली की बारा झाले, चार उरले. जोर पहिल्या बीटवर, मग दुसऱ्या-तिसऱ्याच्या बरोबर मध्ये, मग थेट चौथ्यावर. ऐकणारा क्षणभर चकतो. उरलेले चार 'उ डा उ डा' वाजवले तर पुढचा बार उजव्यानेच सुरू होतो. 'उ डा उ उ' वाजवले तर डाव्याने.

डबल पॅराडिडलमध्ये डाव्याला आपोआप पाळी मिळते. पॅराडिडल-डिडलमध्ये ती मिळत नाही, त्यामुळे 'डा उ डा डा उ उ' वेगळं घोटावं लागतं. बरेच जण नेमकं तेच टाळतात.